पाठीला पाठ लावून शिकवलेलं इंग्रजी

तीर्थस्वरूप आत्यास,

आधी तुझ्या लाल पेनाला साष्टांग नमस्कार, आणि मग तुला. (क्रम मुद्दाम तसा आहे. हे पत्र तू पहिल्यांदा वाचशील ते मजकुरासाठी आणि दुसऱ्यांदा ऱ्हस्व-दीर्घासाठी, हे मला पक्कं ठाऊक आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलंस, पण माझ्या मराठीवरची पहारेकरीण तूच.) तुझे गुडघे काय म्हणतात? चढताना डावा कुरकुरतो आणि उतरताना उजवा, असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. अजून त्यांनी कामं तशीच वाटून घेतली आहेत, की आता दोघांनी एकजूट केली? खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना वाकू नकोस, आणि वाकलीस तर निदान मला कळवू नकोस. इकडे सगळे ठीक. बाबांचं वजन वाढलं आहे आणि त्याचं खापर ते वजनकाट्यावर फोडतात. काटा भिंतीपाशी ठेवला की जास्त दाखवतो आणि खिडकीपाशी कमी, असा त्यांचा शोध आहे, म्हणून सध्या काटा खिडकीपाशी आहे. आई नेहमीसारखीच, म्हणजे सगळ्यांची काळजी करून स्वतः टुणटुणीत. आणि मी पूर्वीपेक्षा दमलेली आणि पूर्वीपेक्षा बरी, दोन्ही.

तू विचारलंस की मी इंग्रजी शिकवते म्हणजे नक्की काय करते. विचारताना तुझा सूर कसा लागला असेल ते मला इथं बसून कळलं. आत्या, ही सगळी तुझीच करणी आहे. मी ग्रंथालयात एक पुस्तक परत करायला गेले होते. ग्रंथपालबाईंनी सहज विचारलं की तुमच्या घरात कुणी इंग्रजी शिकवतं का. मी अभिमानानं सांगितलं, माझ्या आत्यानं उभं आयुष्य तेच केलं. बाईंनी त्यातून 'म्हणजे तुम्हालाही येत असणार' एवढंच काढलं, जणू इंग्रजी हा मधुमेहासारखा घराण्यातून उतरणारा प्रकार आहे. पुस्तक परत करून मी बाहेर पडले तेव्हा माझ्या हातात बालविभागाची किल्ली होती आणि मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग माझ्या नावावर लागला होता.

बालविभागात वर्ग, म्हणजे लहान मुलं घरी गेली की त्यांच्याच खुर्च्यांवर. खुर्च्या लाल, पिवळ्या, हिरव्या आणि माझ्या पोटरीएवढ्या उंच. त्यांवर बसलं की माणसाचे गुडघे हनुवटीला येतात आणि कितीही मोठा माणूस असो, चेहऱ्यावर आपोआप 'बाई, माझी पेन्सिल हरवली' असा भाव येतो. भिंतीवर उंची मोजायचा जिराफ. फळा पांढरा, पण पूर्वी कुणीतरी त्यावर कायमच्या शाईनं बेरजा करून ठेवल्या आहेत, त्यामुळे मी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याच्या पाठीमागून हातचा एक डोकावत असतो.

माझे विद्यार्थी म्हणजे ज्यांना कामावर परकी माणसं भेटतात, किंवा ज्यांची मुलं दूर देशी जाऊन तिथलीच झाली. विमानतळाची बस चालवणारे एक चालक आहेत. एक केशकर्तनवाले आहेत, ज्यांना प्रत्येक वाक्यात 'सर' घातल्याशिवाय पुढं जाता येत नाही (मलाही 'सर'च म्हणतात, मी नाद सोडला). पहिल्या खुर्चीवर सुतारकाका. दणकट माणूस, कानाच्या मागं पेन्सिल, शर्टावर भुसा. माझ्या तोंडाकडे इतकं एकटक बघत बसायचे की पहिला आठवडाभर मी वर्गाआधी दातांत काही अडकलंय का ते आरशात तपासत होते. आणि शेवटच्या खुर्चीवर, दाराजवळ, शिवणकाकू. कपडे लहान-मोठे करून देण्याचं त्यांचं दुकान आहे, गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन येतात, आणि वाक्य चुकलं की त्या पट्टीला पीळ घालत बसतात.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. सुतारकाका म्हणाले, "माय डॉटर इज फार. माय सन-इन-लॉ इज इंग्लिश." शेवटच्या खुर्चीवरून शिवणकाकू म्हणाल्या, "माय डॉटर इज फार. माय सन-इन-लॉ इज इंग्लिश." मी मनात म्हटलं, काय योगायोग बघा, हल्ली किती लेकी दूर जातात! (आत्या, तू इथं वाचता वाचता थांबून कपाळाला हात लावला असशील. मी लावला नाही. संकेतस्थळानं सांगितलं होतं की वर्गात सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारावी, म्हणून मी आडनावं लिहूनच घेतली नव्हती.)

आता हे संकेतस्थळ. एक नाही, समुद्र आहे. इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्यांना शिकवायचं कसं यावर जगातल्या यच्चयावत मास्तरांनी आपापल्या युक्त्या टाकून ठेवल्या आहेत. चित्रं, खेळ, गाणी, ध्वनिफिती, छापून घ्यायचे कागद. तू एक व्याकरणाचं पुस्तक आणि एक खडू घेऊन वर्गात जायचीस. मला मात्र निवडायला इतकं असायचं की निवडता निवडताच वर्गाची वेळ व्हायची. आणि प्रत्येक युक्तीच्या खाली लिहिलेलं असायचं की ही तुमचा वर्ग बदलून टाकेल. ते खरंच निघालं, पण ज्या अर्थानं त्यांनी लिहिलं होतं त्या अर्थानं नव्हे.

पहिली युक्ती चिठ्ठ्यांची. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर तिचं इंग्रजी नाव चिकटवायचं, म्हणजे येता-जाता शब्द डोळ्यांखालून जातात. वर्गानं एका संध्याकाळी उत्साहात दार, खिडकी, कपाट, भिंत, जिराफ, सगळ्यांची बारशी उरकली. चिठ्ठ्या काढायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे एक निवृत्त गृहस्थ बालविभागातल्या टेबलाला टेकून दोन तास बसले आणि पाठीवर 'टेबल' घेऊन घरी गेले. भाजी घेतली, बँकेत जाऊन आले, आणि घरी पोचल्यावर त्यांच्या पत्नीनं म्हणे एवढंच विचारलं, "हे इतक्या उशिरा कुणाच्या लक्षात आलं?" ग्रंथपालबाईंनी मला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. नुसत्या चष्म्यावरून बघत राहिल्या. तुझ्याकडून शिकल्या असाव्यात.

दुसरी युक्ती धावत्या श्रुतलेखनाची. बाहेरच्या बोळात भिंतीवर एक उतारा चिकटवायचा. जोडीतल्या एकानं धावत जायचं, एक वाक्य वाचायचं, धावत परत येऊन जोडीदाराला सांगायचं, त्यानं लिहायचं. संकेतस्थळावरच्या चित्रात सडपातळ तरुण मुलं हसत धावत होती. आमच्याकडे बसचालकांनी वळणावर गती कमी केली नाही (पोटापाण्यासाठी दिवसभर करावी लागते, त्याचा सूड असणार) आणि ते थेट पुस्तकांच्या ढकलगाडीवर आदळले. ज्ञानकोशाचे खंड बोळभर पसरले. पण मला आठवतं ते वेगळंच. सुतारकाका धावायचे तेव्हा वाक्य बिनचूक घेऊन यायचे. लिहायची पाळी आली की मात्र कागद कोरा, किंवा भलतंच काही. 'माझी बहीण समुद्राजवळ राहते' याचं त्यांनी 'माझी बहीण चहा करते' असं लिहिलं होतं. सगळे हसले. तेही हसले, सगळ्यांत जोरात.

ध्वनिफितींचंही तेच. फळ्याशेजारच्या छोट्या ध्वनिवर्धकातून एक बाई विचारायच्या, गाडी किती वाजता सुटते? वर्ग म्हणायचा, नऊ वाजता. सुतारकाका छातीठोकपणे म्हणायचे, "यस, टू चिल्ड्रन." मी संकेतस्थळावर शोधलं. तिथं लिहिलं होतं की काही विद्यार्थी लाजाळू असतात, त्यांना वेळ द्या. मी वेळ दिला. सहा फुटी सुताराला लाजाळू समजून मी मोठ्या मायेनं वेळ देत राहिले, आत्या.

मग टेलिफोनचा पाठ आला. हा पाठ वर्गाला भलताच आवडला, कारण त्यातली वाक्यं आयती होती आणि कुठंही खपत होती. त्यातलं एक वाक्य तर सगळ्यांच्या तोंडी बसलं: "सॉरी, आय कान्ट हिअर यू. कुड यू स्पीक अप, प्लीज?" केशकर्तनवाले ते राजकारणावर बोलणाऱ्या गिऱ्हाइकांवर वापरू लागले (शेवटी 'सर' लावून). सुतारकाकांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि वर्ग सुटल्यावर थांबून माझ्यासमोर म्हणून दाखवलं. एकदा नाही, परत परत. उच्चार नीट आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, उत्तम. विचारलं, हे वाक्य सभ्य आहे ना, समोरच्याला राग नाही ना यायचा? मी म्हटलं, काका, यात राग येण्यासारखं काय आहे? ते मान हलवत गेले. मला वाटलं, जावयाशी फोनवर बोलायची तयारी चालली आहे. चांगलं आहे.

आणि मग ते चाक.

चाक म्हणजे संगणकावरचं. विद्यार्थ्यांची नावं घालायची, कळ दाबली की रंगीत चाक गरगर फिरतं आणि नशिबाच्या जोड्या लावून देतं. त्या संध्याकाळची युक्ती होती पाठीला पाठ लावून बसायची. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्यानं चित्राचं वर्णन करायचं, दुसऱ्यानं न बघता तसं काढायचं. घराच्या शेजारी झाड, झाडाखाली कुत्रा. सगळी शब्दयोगी अव्ययं एका खेळात. मी कळ दाबली. चाक थांबलं. सुतारकाका आणि शिवणकाकू.

बसचालक खाकरले आणि म्हणाले, "मॅडम, एकदा परत फिरवून बघा ना. कधीकधी अडकतं ते." केशकर्तनवाल्यांनीही मान डोलावली. मी ताठ मानेनं सांगितलं की चाक म्हणजे चाक, माझ्या वर्गात वशिला चालत नाही. (हे वाक्य मी तुझ्या आवाजात म्हटलं. मला तेव्हा ते फार शोभून दिसलं, असं वाटलं होतं.) दोघं उठले. सुतारकाकांनी आपली लाल खुर्ची उचलली, काकूंनी पिवळी, आणि पाठीला पाठ लावून दोघं बसले. खुर्च्या इतक्या बुटक्या की दोघांच्या पाठी टेकल्याच. तेवढ्यात बसचालक माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "मॅडम, ते नवरा-बायको आहेत. गेली दोन-तीन वर्षं बोलत नाहीत एकमेकांशी. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

सगळ्या गल्लीला, सगळ्या वर्गाला, आणि बहुधा त्या जिराफालाही. मला सोडून.

काकूंनी सुरुवात केली होती. चित्र दोन्ही हातांत धरून, शब्द जपून टाकत. "देअर इज अ हाउस." थांबल्या. "देअर इज अ बिग ट्री नेक्स्ट टू द हाउस." आत्या, वाक्य इतकं स्वच्छ होतं की तूसुद्धा त्याला हात लावला नसतास. काका पेन्सिल धरून समोर बघत बसलेले. काकूंनी परत म्हटलं. काकांनी आजूबाजूला पाहिलं, बाकीचे काढताहेत हे बघून त्यांनीही काढायला घेतलं, आणि एक टेबल काढलं. सुंदर टेबल, पायांना कोरीव काम केलेलं. काकू सांगताहेत, "अंडर द ट्री देअर इज अ डॉग," आणि काका खण काढताहेत. खणाला मूठ काढताहेत. केशकर्तनवाल्यांना ते दिसलं आणि हसू फुटलं, मग एकेक करून सगळ्यांना. काकूंनी मागं वळून पाहिलं. टेबल पाहिलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. इंग्रजी गेलं कुठल्या कुठं.

"घरी तेच आणि इथंही तेच! एक शब्द मनावर घ्यायचा नाही. भिंतीशी बोलत आले मी इतकी वर्षं. भिंतीशी!"

हे सगळं त्या काकांच्या पाठीला उद्देशून म्हणाल्या. काका तसेच बसून. आमचे चेहरे पडलेले त्यांनी बघितले, काहीतरी बिनसलंय हे ताडलं, आणि खुर्चीसकट वळले. काकूंच्या तोंडाकडे बघू लागले, जसे रोज माझ्याकडे बघायचे तसे. काकू परत म्हणाल्या, "भिंतीशी." ते त्यांना कळलं. हातातली पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर जागच्या जागी बसवत म्हणाले,

"सॉरी. आय कान्ट हिअर यू. कुड यू स्पीक अप, प्लीज?"

केशकर्तनवाले खो खो हसले. पाठातलंच वाक्य ना! त्यांना वाटलं, काय वेळेवर टोला हाणला. काकूही क्षणभर तसंच समजल्या असाव्यात, कारण त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. पण काका हसत नव्हते. त्यांनी एक हात कानावर नेला आणि फक्त मधला तुकडा पुन्हा म्हटला. "आय कान्ट हिअर यू."

हसणं जिथल्या तिथं थांबलं.

काकूंनी मोजपट्टी गळ्यातून काढली. कशासाठी, कोण जाणे. आणि त्यांचं त्यांनाही कळलं नसेल, पण विचारलं तेही इंग्रजीतच: "सिन्स व्हेन?"

आत्या, 'सिन्स' मी अजून शिकवलंच नव्हतं. तो धडा पुढच्या महिन्यात होता.

"लाँग टाइम," काका म्हणाले. त्यात 'फॉर अ' हवं होतं. मी दुरुस्त केलं नाही. यासाठी तुला माझी मान कापायची असेल तर कापून घे.

मी वर्गाला चहाला पाठवलं. स्वतः कुठं जावं ते सुचेना, कारण किल्ली माझ्याकडे आणि दार त्यांच्या पलीकडे, म्हणून मी पाठ फिरवून पांढरा फळा पुसत राहिले. त्यावर बेरजांखेरीज काही नव्हतं. त्यामुळे पुढचं मी ऐकलं. आणि काकूंना आता मोठ्यानं बोलावं लागत होतं, तेव्हा न ऐकून करते काय?

यांत्रिक करवतीपाशी जन्म गेला, त्यात आधी एक कान गेला आणि मग दुसराही निघाला, असं काका सांगत होते. सुरुवातीला ते परत विचारायचे, काय म्हणालीस? "एकदा विचारलं की तू सांगायचीस. दुसऱ्यांदा विचारलं की चिडायचीस. तिसऱ्यांदा म्हणायचीस, जाऊ दे, काही नाही. मग मी विचारायचंच सोडलं."

"आणि मी सांगायचं," काकू म्हणाल्या.

"मला वाटलं, तुला आता सांगण्यासारखं काही उरलं नाही."

"मला वाटलं, तुम्हाला ऐकायचंच नाही." मग काकूंनी विचारलं, आणि त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं, "अहो, पण हे आपल्या भाषेत सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

काकांनी जरा विचार केला. म्हणाले, "आपल्या भाषेत बहिरा म्हणतात गं. कारखान्यात आमच्या एका म्हाताऱ्याला सगळे तशीच हाक मारायचे, ए बहिऱ्या. या भाषेत नुसतं 'ऐकू येत नाही' म्हणतात. पुढं 'प्लीज'सुद्धा लावतात."

आत्या, मी त्या रात्री पलंगावर पडून यावर खूप विचार केला. त्यांना इंग्रजीत शिवी माहीत नाही, एवढंच त्याचं कारण आहे, हे मला कळतं. त्या भाषेतही कानावरून माणसाला टोचायचे शब्द असणारच. दोन धडे पुढं गेले असते तर भेटलेही असते. पण माझ्या वर्गात ते अजून यायचे होते. आपल्या भाषेत आपण तोंड उघडलं की आपलं वय, आपला मान, शेजारी काय म्हणतील, बायकोनं मागं काय म्हटलं होतं, सगळं त्या शब्दांबरोबर बाहेर येतं. नव्या भाषेत मात्र सगळेच बुटक्या खुर्चीवर. तिथं झाकायला काही नसतं, कारण मिरवायलाही काही नसतं. मी समजत होते, मी त्यांना जावयाशी बोलायला शिकवते आहे. घरातलंच माणूस समोर येईल, असं कुठल्याही संकेतस्थळानं लिहिलं नव्हतं.

पुढचं सांगते. काकू त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत, आणि काका बेजार आहेत. नळ म्हणे इतका आवाज करतो? भांडी लोकांनी आपटायची कशाला? काकूंचं शिवणयंत्र तर त्यांना करवतीपेक्षा कर्कश वाटतं. उलट काकूंची तक्रार अशी की आजवर पाठीमागं पुटपुटता यायचं, ती सोय आता राहिली नाही. "दुसऱ्या खोलीतून उत्तर देतात हो, मॅडम!" असं त्या मला म्हणाल्या, चेहऱ्यावर अगदी गाऱ्हाण्याचा भाव आणून, पण गाऱ्हाणं काही नीट जमत नव्हतं. लेकीच्या फोनवर काका परवा पहिल्यांदाच जावयाशी बोलले. जावयानं हवापाण्याचं विचारलं, काकांनी हवापाण्याचं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर काकूंना म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण बोलतो फार हळू." वर्गात दोघं आता लागून बसतात आणि भांडतात. काकूंना 'यू शुड हॅव टोल्ड मी' ही रचना शिकवल्यापासून तर फारच. काकांनी लगेच 'यू शुड हॅव आस्क्ड मी' जुळवलं. त्या दोघांमुळं ही रचना साऱ्या वर्गाला एका दिवसात समजली. तू फळ्यावर कितीदा समजावून सांगितली होतीस मला, आठवतं? मला ती आत्ता कुठं कळली.

चाक मी अजून फिरवते. आता कुणी खाकरत नाही. फक्त पाठीला पाठ लावायच्या आधी मी सगळ्यांना एकदा समोरासमोर बसवते आणि विचारते, माझं बोलणं नीट ऐकू येतंय ना, आणि 'हो' म्हणणाऱ्यांपैकी सगळ्यांत जोरात कोण म्हणतं ते बघून ठेवते.

थोर मंडळींनी तब्येतीस जपावं, धाकट्यांनी त्यांचं ऐकल्यासारखं करावं, एवढंच लिहून थांबते.

तुझी भाची

ता. क. : ग्रंथपालबाईंनी तुला नमस्कार सांगितला आहे. तुझ्या जुन्या पुस्तकांतलं काही बालविभागाला द्यायचं असेल तर पेटी भरून ठेव. मी पुढच्या आठवड्यात येणारच आहे.

ता. क. २ : आता येणारच आहे कशासाठी, ते. मागच्या वेळी मी तुला फोनवर सांगितलं की शेजारचे आजोबा गेले, तर तू म्हणालीस, "छान झालं, माणसाला बदल हवाच." आईनं सांगितलं की बाबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली, तर तू म्हणालीस, "मग मलाही बोलवा." बाबांनी स्वतः फोन घेऊन विचारलं, ताई, तुला नीट ऐकू येतंय ना? त्यावर तू म्हणालीस, "मजेत आहे, मजेत." तुझ्या गावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे मी वेळ घेऊन ठेवली आहे. फोन न करता हे एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते याचसाठी. बाबा म्हणत होते, सरळ चार ओळींत सांगून टाक. पण तुला सरळ सांगायची छाती आपल्या घराण्यात कुणाचीही नाही, त्यांची स्वतःची तर नाहीच. सोबत म्हणून ते येताहेत खरे, पण दाराबाहेर उभे राहतील.

ता. क. ३ : उत्तर पत्रानंच पाठव. रागावून लिही, लाल पेनानं लिही, कुठल्या भाषेत लिहायचं तेही तू ठरव. मजेत आहे, एवढं मात्र लिहू नकोस.